डाय बनविणारे हात : दहावीनंतरचा एक पक्का हुन्नर

दहावीचा निकाल लागला की आपल्या समाजातील बरीच मुले मामूंच्या किंवा चाचांच्या वर्कशॉपमध्ये जाऊन बसतात. कुणी प्रेस चालवितो, कुणी लेथ. हात लवकर बसतो, रोजही सुरू होतो. पण प्रेसवर बसविलेली डाय कुणी बनविली, हे मुलगा विचारीत नाही. प्रेस चालविणारा दुसरा माणूस थोड्या दिवसांत तयार होतो. डाय बनविणारा तसा मिळत नाही. म्हणून आज आम्ही या हुन्नराची माहिती देत आहोत.

साधे उदाहरण घेऊ. एक मिलिमीटर जाडीच्या लोखंडी पत्र्यातून बाहेरून ४० व आतून १२ मिलिमीटरचा वॉशर काढायचा आहे. पंच आणि डाय यांच्यात थोडी फट ठेवावी लागते. साध्या पोलादी पत्र्याला ती प्रत्येक बाजूस जाडीच्या सुमारे पाच टक्के धरू, म्हणजे ०.०५ मिलिमीटर. वॉशरचे बाहेरचे माप डाय ठरविते. म्हणून डाय ४०.०० आणि पंच ३९.९० ठेवावा. भोकाचे माप मात्र पंच ठरवितो. तेथे पंच १२.०० आणि डाय १२.१०. हे उलटे झाले तर भोक लहान पडते आणि सारा माल परत येतो. फट जास्त झाली तर कडेला बर येते, कमी झाली तर धार लवकर जाते.

पोलादाचेही तसेच. डी-२ किंवा ओएचएनएस पोलाद घडविल्यावर त्याला पाणी देतात. त्यात माप किंचित हलते. म्हणून थोडे जादा ठेवून शेवटी ग्राइंडिंग करतात. वायरकट यंत्र तर पाणी दिलेले पोलादही कापते.

शिकायचे कोठे? आयटीआयमध्ये टूल अँड डाय मेकरचा दोन वर्षांचा ट्रेड आहे. छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथील इंडो जर्मन टूल रूम ही केंद्र सरकारच्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग मंत्रालयाची संस्था आहे. तेथे दहावीनंतर टूल अँड डाय मेकिंगची चार वर्षांची पदविका मिळते. प्रवेशाच्या तारखा व फी यांची चौकशी निकालाआधीच करावी.

जे आधीच कामाला लागले आहेत त्यांनीही निराश होऊ नये. हात त्यांचा तयारच आहे. ड्रॉइंग वाचणे, त्रिकोणमिती, मायक्रोमीटर आणि संगणकावरील डिझाइन एवढे शिकून घ्यावे. डिझाइन येणाऱ्याला ऑफिसातही जागा आहे.

स्वतःचे काम सुरू करताना व्याजाच्या कर्जावर सगळी यंत्रे घेण्याची घाई मात्र करू नये. वायरकट आणि पाणी देण्याचे काम बाहेरून मजुरीवर करून घेता येते. घरात मुलगा दहावीला असेल तर त्याला वर्कशॉपमध्ये बसविण्याआधी ही चौकशी जरूर करा. चार वर्षे थांबणे घराला जड जाते, हे आम्ही जाणतो. पण हा हुन्नर हाती आला तर हलाल रोजीचा तो मोठा आधार आहे.