गाडीवर स्टिकर लावताना

चेन्नईचे अण्णा नगर असो की पुणे, नवी गाडी दारात आली की तिच्यावर काही तरी चिकटवण्याची घाई होते. देवाचे नाव, मुलांची नावे इथवर ठीक. पण ‘प्रेस’, ‘पोलीस’, ‘वकील’ कशाला? अशा स्टिकरांच्या आडून तपासणी चुकवली जाते, म्हणून चेन्नईच्या वाहतूक पोलिसांनी २ मे २०२४ पासून खासगी गाड्यांवरील अशा स्टिकरांविरुद्ध कारवाई सुरू केली.

डॉक्टरांच्या गाडीवरचा लाल क्रॉसही चुकीचाच. युद्धात जखमींना व त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांना संरक्षण देणारे हे चिन्ह परवानगीशिवाय वापरण्यास १९६० च्या जिनिव्हा करार कायद्याने बंदी आहे.

जुना स्टिकर ब्लेडने खरवडू नका, रंग जाईल. हेअर ड्रायरने तो कोमट करा, कोपरा उचलून हळूहळू ओढा. उरलेला चिकटपणा खोबरेल तेलाने पुसून जागा साबणाने धुवा.

नक्षीचा स्टिकर लावायचा असेल तर गाडी सावलीत धुऊन पुसा. त्या जागी साबणाचे पाणी फवारा, स्टिकर ठेवा आणि मधून कडेकडे दाबत हवा व पाणी बाहेर काढा. नंबर प्लेट मात्र मोकळीच ठेवा. आपली ओळख वागण्यातून पटावी, काचेवरून नव्हे.