जहाजावरचं मन आणि घरची माणसं

समुद्रापासून इतक्या लांब, राणीसावरगावात, जहाजावरच्या माणसाबद्दल कशाला बोलायचं? तर कामासाठी घर सोडणं म्हणजे काय, हे गंगाखेड तालुक्याला वेगळं सांगायला नको. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला टोळ्या निघतात. तिथे नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरतात. कष्ट अतोनात, पण आपलं माणूस शेजारी असतं. खलाशी बहुधा एकटाच जातो. शिवाय त्याची कामाची आणि झोपायची जागा एकच. पाळी संपली तरी बाहेर पडता येत नाही.

असा माणूस खचला की आपण म्हणतो, मन कच्चं आहे. आमचं म्हणणं, आधी कामाची घडी तपासा.

पहिली गोष्ट झोप. 2006 चा सागरी कामगार करार भारताने 2015 मध्ये स्वीकारला. त्यातल्या विश्रांतीच्या नियमात 24 तासांत किमान 10 तास आणि आठवड्याला 77 तास विश्रांती आहे. पण बंदरात माल चढ-उतार सुरू झाला की झोपेचे तुकडे पडतात. अपुऱ्या झोपेने चिडचिड वाढते, चुका होतात.

दुसरी गोष्ट परतीची तारीख. कोविडच्या काळात, 2020 मध्ये, करार संपूनही जगभरातले सुमारे 4 लाख खलाशी जहाजांवर अडकले होते. काम तेच होतं, पण ते कधी संपणार हे कळत नव्हतं.

तिसरी गोष्ट बोलणं. 'सांगितलं तर पुढचं जहाज मिळणार नाही,' या भीतीने माणूस गप्प राहतो. म्हणून कंपनीने गुप्तता पाळणारी समुपदेशनाची सोय द्यावी आणि कप्तानाने जेवायला न येणाऱ्या, एकटं राहणाऱ्या माणसाची स्वतः विचारपूस करावी.

मग घरच्यांनी काय करायचं? फोन आला की पैशाआधी झोपेचं विचारा. घरचं भांडण लपवू नका, पण त्यावर आपण काय करतोय तेही सांगा. नाहीतर तो तिकडे नुसताच घोर लावून घेतो. जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा आली, तर वाट न बघता कंपनीला कळवा, जहाजावर त्याला एकटं सोडू नका म्हणून सांगा. खलाशांसाठी 'सीफेररहेल्प' ही मोफत सेवा चोवीस तास चालते. इथे घरच्यांचा जीव घाबरा झाला, तर टेली-मानसचा 14416 हा नंबर आहे. तोही मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.