डॉक्टरांची सक्तीची लष्करभरती आणि कलम २३

परवा बुद्धविहारात वंदना आटोपल्यावर नुकताच एमबीबीएस झालेला वस्तीतला एक मुलगा आमच्याजवळ येऊन बसला. म्हणाला, "वकीलसाहेब, सरकार आम्हाला बाँड करून खेड्यात पाठवते. ही वेठबिगारच नाही का?" प्रश्न साधा होता, पण आम्हाला तो बरेच दिवस पुरला. कारण शिकलेल्या माणसाच्या विद्येवर राज्यसत्तेचा हक्क किती, हा प्रश्न जुना आहे. जगात त्याची खरी कसोटी लागली ती युद्धाच्या काळात.

अमेरिका हे त्याचे ठळक उदाहरण. जून १९५० मध्ये कोरियाचे युद्ध पेटले. जखमी जवान येऊ लागले, पण सैन्यात डॉक्टर पुरेसे नव्हते. ९ सप्टेंबर १९५० रोजी तेथे खास डॉक्टर, दंतवैद्य आदींसाठी सक्तीच्या भरतीचा कायदा झाला. सामान्य तरुणाला विशीत बोलावणे येई. डॉक्टरांची नोंदणी मात्र पन्नाशीपर्यंत! म्हणजे दवाखाना थाटलेला, मुलेबाळे असलेला माणूसही त्यात आला. गुन्हा काय? तर तो डॉक्टर आहे.

परंतु त्या कायद्यात एक न्यायाचे तत्त्व होते, ते विसरता कामा नये. पहिला क्रम कोणाचा? ज्यांनी दुसऱ्या महायुद्धात सरकारी पैशाने वैद्यकीय शिक्षण घेतले, किंवा शिक्षणासाठी आघाडीवरून सूट घेतली आणि नंतर सैन्यात जेमतेम काही दिवस काढले, त्यांचा. समाजाच्या पैशाने शिकलात, तर समाजाची वेळ आली की आधी तुम्ही उभे राहा, असा त्याचा अर्थ.

सक्ती आली की तिचा दुरुपयोगही मागोमाग येतो. ऑर्लोफ नावाच्या डॉक्टरला या कायद्याखाली सैन्यात नेले. कम्युनिस्ट पक्षाशी संबंध आहे काय, या प्रश्नाचे उत्तर त्याने नाकारले, म्हणून त्याला अधिकारपद मिळाले नाही. डॉक्टर म्हणून सक्तीने न्यायचे आणि डॉक्टरचा हुद्दा द्यायचा नाही! तो सर्वोच्च न्यायालयात गेला. १९५३ मध्ये सहा विरुद्ध तीन मतांनी तो हरला. त्याला वैद्यकीय काम दिले पाहिजे हे मान्य झाले, पण हुद्दा देणे न देणे राष्ट्राध्यक्षांच्या मर्जीवर राहिले.

त्याहून मोठा खटला कॅप्टन हॉवर्ड लेव्ही यांचा. हे न्यूयॉर्कचे त्वचारोगतज्ज्ञ. व्हिएतनाम युद्धाच्या काळात सक्तीने सैन्यात आले आणि साऊथ कॅरोलिनातील फोर्ट जॅक्सन येथे नेमले गेले. 'ग्रीन बेरे' या खास तुकडीच्या जवानांना त्वचारोगाचे उपचार शिकवा, असा त्यांना हुकूम झाला. त्यांनी नकार दिला. एका हाताने औषध वाटून गरीब शेतकऱ्यांचा विश्वास मिळवायचा आणि दुसऱ्या हाताने युद्ध चालवायचे, हा वैद्यकीय धर्माचा द्रोह आहे, अशी त्यांची भूमिका होती. काळ्या सैनिकांनाही ते उघड सांगत, की घरी तुम्हाला समान वागणूक नाही, मग तिकडे कोणासाठी लढता? फावल्या वेळात ते त्याच भागातील काळ्या नागरिकांची नावे मतदारयादीत नोंदवण्याचे काम करीत. लष्करी गुप्तहेरांची नजर त्यांच्यावर पडली ती या कामामुळे, हे आमच्या वाचकांनी ध्यानात घ्यावे.

१९६७ मध्ये लष्करी न्यायालयाने त्यांना तीन वर्षांच्या सक्तमजुरीची शिक्षा दिली. दोन वर्षांहून अधिक काळ ते कैदेत राहिले. १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध तीन मतांनी लष्कराची बाजू उचलून धरली. त्या न्यायालयातील एकमेव काळे न्यायमूर्ती थर्गुड मार्शल यांनी या निकालात भाग घेतला नव्हता. सक्तीची भरती १९७३ मध्येच थांबली होती. पण आणीबाणीत डॉक्टर, परिचारिका वगैरेंना बोलावण्याची योजना १९८७ पासून तेथे तयार ठेवलेली आहे.

आता आपल्याकडे या. आमच्या बापजाद्यांनी दोन्ही अन्याय भोगले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महारांना सैन्याचे दार बंद झाले. सुभेदारांच्या समाजाला शिपाई होण्याचीही लायकी उरली नाही म्हणे! आणि गावात मात्र वतनाच्या नावाखाली रात्रंदिवस राबवून घेतले. या वतनाच्या गुलामीविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात विधेयक आणले. पुढे तेच मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. राज्यघटनेच्या कलम २३ ने वेठबिगारीवर बंदी घातली आणि तिचा भंग हा गुन्हा ठरवला.

मात्र त्याच कलमाचा दुसरा भाग फार थोडे लोक वाचतात. सार्वजनिक प्रयोजनासाठी राज्य सक्तीची सेवा लादू शकते, परंतु ती लादताना केवळ धर्म, वंश, जात किंवा वर्ग यावरून भेदभाव करता येणार नाही. म्हणजे सक्तीला वाव आहे, पण ओझे सर्वांच्या खांद्यावर सारखे हवे. वतनात तेच नव्हते. तेथे जन्म पाहून ओझे ठरत होते.

आपल्या देशात डॉक्टरांची सरसकट सक्तीची लष्करभरती नाही. पण केंद्राच्या वैद्यकीय सेवा परीक्षेच्या नियमांत गरज पडल्यास किमान चार वर्षे संरक्षण सेवेत काम करण्याची अट आहे. ग्रामीण सेवेच्या बाँडच्या अटी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरवल्या आहेत.

म्हणून त्या मुलाला आम्ही सांगितले, बाळा, ही वेठबिगार नव्हे. तुझ्या शिक्षणात त्या खेड्यातल्या मजुराचाही पैसा आहे. तिथे जा. वाडीवस्तीवरची आपलीच आयाबहीण डॉक्टरची वाट पाहत असते. पण डोळे उघडे ठेव. जिथे दंड भरून बाँडमधून सुटता येते, तिथे पैसेवाल्याचा मुलगा सुटतो आणि तू अडकतोस. तेव्हा तो वर्गाचा भेद होतो. त्याविरुद्ध कलम २३ घेऊन उभा राहा. आणि उद्या कोणी तुझ्या विद्येचा उपयोग माणसाला छळण्यासाठी करू पाहील, तर लेव्हीसारखा नकार दे.

सेवा करावी. गुलामी करू नये. हा फरक ओळखण्यासाठीच तर बाबासाहेबांनी आम्हाला शिकायला सांगितले.