साधे इंजेक्शन आणि 'लायपोसोमल' इंजेक्शन

२०२१ च्या मे महिन्यातली गोष्ट. सुप्याजवळच्या एका वाडीवरचा मुलगा चिठ्ठी घेऊन माझ्या दवाखान्यात आला. वडील पुण्यात दाखल. जुना मधुमेह, करोनातून उठले आणि काळ्या बुरशीने डोळ्याखाली धरले. "डॉक्टर, साधं इंजेक्शन मिळतंय, लायपोसोमल कुठंच नाही. औषध एकच आहे ना? मग साधंच दिलं तर?"

वाचकहो, औषध एकच हे खरे. ॲम्फोटेरिसिन-बी हे मातीतल्या एका सूक्ष्म जंतूपासून मिळते. १९५० च्या दशकात व्हेनेझुएलातील ओरिनोको नदीच्या भागातल्या मातीत तो जंतू सापडला. बुरशीच्या पेशीच्या आवरणात एर्गोस्टेरॉल असते. त्याला चिकटून हे औषध आवरणाला भोके पाडते. अडचण अशी, की आपल्या पेशींतले कोलेस्टेरॉल हे त्याचेच भावंड. त्यामुळे मार आपल्यालाही बसतो, मूत्रपिंडांना सर्वांत जास्त. थंडी-ताप भरतो, पोटॅशियम घसरते, क्रिएटिनिन चढते. आम्ही शिकताना वॉर्डात याला 'ॲम्फोटेरिबल' म्हणायचो.

लायपोसोमल म्हणजे हेच औषध स्निग्ध पदार्थाच्या अतिसूक्ष्म फुग्यांच्या आवरणात बसवलेले. फुगा १०० नॅनोमीटरहून लहान. केसाच्या जाडीत असे शेकडो ओळीने मावतील. रक्तात तो बराचसा अखंड फिरतो आणि बुरशीला भिडल्यावर औषध सोडतो. मूत्रपिंडे पुष्कळ वाचतात. म्हणून साधे औषध वजनाच्या किलोमागे रोज १ ते १.५ मिलिग्रॅमच्या पुढे नेत नाहीत, हे मात्र ५ मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त देता येते. ६० किलोच्या माणसाला ५० मिलिग्रॅमच्या सहा कुप्या रोज, तेही कित्येक दिवस. कुपीची किंमत हजारांत. घरदार का धावत होते ते यावरून कळेल.

हल्ली 'नॅनो' हळदीच्या कॅप्सूल घेऊन रुग्ण मला विचारतात. हळदीतले कर्क्युमिन पोटातून रक्तात फार थोडे शिरते, आणि अशा वेष्टनाने ते वाढू शकते. पण रक्तात वाढले म्हणजे रोग बरा झाला असे नव्हे. मी तरी अजून कुणाला त्या लिहून दिलेल्या नाहीत.

त्या मुलाच्या वडिलांना पहिले आठ दिवस साधेच इंजेक्शन द्यावे लागले, आधी सलाइन चढवून आणि रक्त वरचेवर तपासून. क्रिएटिनिन १.१ वरून २.४ वर गेले. मग लायपोसोमल मिळाले. डावा डोळा काढावा लागला. आता ते दर महिन्याला साखर तपासायला माझ्याकडे येतात, क्रिएटिनिन १.६ वर थांबले आहे.