शेतावरचं कॉटेज आणि हॉट टब : आधी पाहुण्याच्या डोक्यात शिरा, मग टब घ्या



थंडी सुरू झाली की पुण्या-मुंबईच्या लोकांचा एक ठरलेला प्लॅन असतो. शनिवार-रविवार, दोन-तीन कुटुंबं, शहरापासून दोन-तीन तासांवर एखादं शेतातलं कॉटेज. आणि आता त्यात एक नवीन मागणी आली आहे : "हॉट टब आहे का?" उघड्यावर, समोर डोंगर, गरम पाण्यात बसायचं. फोटो भारी येतो, मान्य. पण ज्याची जागा आहे त्याने काय करायचं? आज तेच बघू.

माझ्या मागच्या बॅचमध्ये भोर तालुक्यातला एक मुलगा होता. भाटघर धरणाच्या बाजूला घरची दोन एकर जमीन, त्यावर दोन खोल्यांचं कॉटेज. शनिवार-रविवार बऱ्यापैकी भरतं, मधले वार रिकामे. त्याला साडेतीन लाखांचं कोटेशन मिळालं होतं. टब, खालचा काँक्रीटचा ओटा, वायरिंग, वरची शेड, सगळं धरून. पैसे कुठून? आईची एफडी मोडून. आई "हो" म्हणाली होती. मित्रांनो, आई कधीच "नाही" म्हणत नाही, म्हणून हिशोब आपणच करायचा असतो.

पाहुणा प्लॅन कसा करतो?

पाहुणा सगळ्यात आधी टब बघत नाही. तो या क्रमाने जातो : तारीख कोणती, किती जण, गाडीने किती तास, शेवटचा रस्ता कसा आहे, आजी-आजोबा आणि लहान मूल बरोबर आहे का, जेवण घरचं मिळेल का, टॉयलेट स्वच्छ आहे का. हे सगळं जमलं तर मग टब. टबामुळे दोन चांगल्या जागांपैकी एक निवडली जाते. पण खराब रस्ता आणि कळकट बाथरूम टबाने झाकलं जात नाही.

टबाबद्दल विचारतो तेव्हा त्याचे प्रश्न हे असतात :

१. टब फक्त आमच्यासाठी की सगळ्यांसाठी?
२. पाणी आम्ही येऊ तेव्हा गरम असेल की आल्यावर तापवणार?
३. पाणी शेवटचं कधी बदललं?
४. लाइट गेली तर?
५. बाजूच्या शेतातून दिसतं का?
६. वेगळे पैसे किती?

ही सहा उत्तरं फोन यायच्या आधीच व्हॉट्सअ‍ॅपवर तयार ठेवा. अर्धी विक्री तिथेच होते.

पाणी तापायला किती वेळ? साधं गणित

चार-पाच माणसांच्या टबात साधारण १,००० लिटर पाणी धरू. थंडीत टाकीतलं पाणी २२ अंश, आपल्याला हवं ३८. म्हणजे १६ अंश वाढवायचे. १ लिटर पाणी १ अंश तापवायला १ किलोकॅलरी लागते, म्हणजे एकूण १६,००० किलोकॅलरी. एक युनिट वीज म्हणजे ८६० किलोकॅलरी. झाले साडेअठरा युनिट. ३ किलोवॅटचा हीटर असेल तर सहा तासांच्या वर, आणि बाहेर थंड वारा असेल तर अजून जास्त.

याचा अर्थ काय? पाहुणा दुपारी दोनला येणार असेल तर हीटर सकाळी सातला चालू पाहिजे, वर झाकण घालून. "आल्यावर लावतो" म्हणालात तर तो रात्री नऊला टबात बसेल आणि सोमवारी रिव्ह्यू लिहील.

वजनही बघा. १,००० लिटर पाणी म्हणजे १,००० किलो. त्यात चार माणसं आणि टबाचं स्वतःचं वजन. जवळजवळ दीड टन! गच्चीवर किंवा लाकडी डेकवर ठेवायचा असेल तर इंजिनिअरला विचारल्याशिवाय हात लावू नका.

पैशांचा हिशोब

आकडे समजण्यासाठी घेतलेत, तुम्ही तुमचे टाका.

टबाचे जादा भाडे एका रात्रीला १,५०० रुपये. वीज पंपासकट २५ युनिट, १२ रुपये दराने ३०० रुपये. पाणी, क्लोरीन, साफसफाईची मजुरी २५० रुपये. हातात राहिले ९५०.

एप्रिल-मे मध्ये गरम पाण्यात कोण बसणार? म्हणून वर्षाचे नऊ महिने धरा, महिन्याला पाच रात्री. झाल्या ४५ रात्री. ४५ गुणिले ९५०, वर्षाला ४२,७५०. साडेतीन लाख वसूल व्हायला आठ वर्षं! दुरुस्ती आणि व्याज वेगळंच.

पण दुसरी बाजूही आहे. टबामुळे मधल्या वारांना वर्षात ३० रात्री नवीन मिळाल्या तर? कॉटेजचे भाडे ४,५००, खर्च १,५००, उरले ३,०००. त्यात टबाचे ९५०. म्हणजे एका रात्रीला ३,९५०, तीस रात्रींचे १,१८,५००. आधीचे ४२,७५० मिळवा : १,६१,२५०. आता तीच रक्कम सव्वादोन वर्षांत सुटते.

म्हणजे टब घ्यायचा की नाही हे त्या ३० नवीन रात्रींवर ठरतं. ज्या पाहुण्यांनी तसंही शनिवारचं बुकिंग केलंच असतं, त्यांच्यावर टब फिटत नाही.

मग त्या ३० रात्री आहेत का, हे कसं कळणार?

त्या मुलाला मी दोन कामं दिली. पहिलं, एक वही. प्रत्येक फोनला तीन रकाने : कोणता वार मागितला, टब विचारला का, टब नाही म्हणून बुकिंग गेलं का. तिसरा रकाना सगळ्यात महत्त्वाचा.

दुसरं, गरम पाण्याची सोय छोट्या खर्चात करून बघणे. त्याच्या घरी जुना तांब्याचा बंब होता आणि माळ्यावर एक मोठं घंगाळं. अंगणात आडोसा केला, दगडी बैठक ठेवली, संध्याकाळी पाय शेकायला गरम पाणी, त्यात मीठ आणि लिंबाची पानं. वेगळे पैसे लावून. लोक पैसे देतात का, फोटो टाकतात का, मंगळवार-बुधवारी येतात का, हे एका सीझनमध्ये दिसतं. एफडी तोपर्यंत बँकेतच राहते.

आपल्याकडे गरम पाण्याची ओढ नवीन नाही. गणेशपुरी-वज्रेश्वरी, दापोलीजवळचं उन्हवरे, चोपड्याकडचं उनपदेव, इथल्या कुंडांवर लोक पूर्वीपासून जातात.

आणि जकुझीची गोष्ट माहीत आहे का? ते एका कुटुंबाचं आडनाव आहे. इटलीतून अमेरिकेत गेलेले हे भाऊ शेतीच्या विहिरींचे पंप बनवायचे. एका भावाच्या मुलाला संधिवात होता, त्याच्यासाठी त्यांनी घरच्या बाथटबमध्ये ठेवता येईल असा पंप केला. १९५६ मध्ये तो बाजारात आला. टबातच जेट बसवलेलं उत्पादन आलं १९६८ मध्ये. आधी एका माणसाची गरज, मग छोटा पंप, मग मोठा टब. क्रम लक्षात ठेवा.

घेतलाच तर हे चुकवू नका

पाणी : कोमट पाण्यात जंतू झपाट्याने वाढतात. लिजिओनेला नावाचा जंतू तर वाफेच्या थेंबांतून फुप्फुसात जातो. मोकळा क्लोरीन किमान ३ पीपीएम आणि पीएच ७ ते ७.८ ठेवा. टेस्ट स्ट्रिपने रोज तपासा, वहीत लिहा. ब्रिटनमध्ये अशी कॉटेजेस खूप आहेत. तिथल्या सरकारी मार्गदर्शिकेचा रोख असा, की भाड्याच्या कॉटेजमधल्या टबाचं पाणी प्रत्येक ग्रुपनंतर बदला. म्हणजे दर बुकिंगला १,००० लिटर! मार्चनंतर तुमच्या विहिरीला तेवढं पाणी असतं का?

माणसं : तापमान ४० अंशांच्या वर कधीच नाही. एका वेळी दहा-पंधरा मिनिटं पुरे. गरोदर बायका, हृदयविकार किंवा बीपी असलेल्यांनी डॉक्टरांना विचारून. पाच वर्षांखालची मुलं नकोत. दारू पिऊन टबात अजिबात नाही. हा बोर्ड मराठीत आणि इंग्रजीत लावा. वापर नसताना झाकणाला कुलूप.

वीज : वेगळी लाइन, चांगलं अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून. शेतीपंपाच्या जोडणीवर टब चालवायचा नाही.

कागदपत्रं : राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० चं आहे, नोंदणी पर्यटन संचालनालयाकडे होते. जेवण देत असाल तर एफएसएसएआय नोंदणी लागते. रात्रीला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी ५ टक्के आहे, पण इनपुट क्रेडिट मिळत नाही. म्हणजे टबावर भरलेला जीएसटी परत येणार नाही, तो खर्चातच धरा. तुम्हाला नोंदणी लागू होते का, हे सीएला विचारा.

आता तुमचा गृहपाठ. व्यवसाय कोणताही असो, सध्या जी मोठी वस्तू घ्यायचा विचार चालू आहे तिचं नाव कागदावर लिहा. खाली दोन ओळी : आहे त्या ग्राहकाकडून किती जादा मिळेल, आणि नवीन ग्राहक किती येतील. दुसऱ्या ओळीतला आकडा अंदाजाने लिहिला असेल तर अजून खरेदी करू नका. वही उघडा, दोन महिने नोंदी करा, आणि मगच बँकेत जा.

भेटूया पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत हिशोब पक्का ठेवा!