माळवदाला रकाना नाही

मे महिना संपत आला की सोलापूर जिल्ह्यातल्या मोडनिंबच्या पेठेत अजूनही दोन-चार माळवदांवर माणसं दिसतात. यंदा मीही त्यात होतो. मामांचं भुसाराचं दुकान: खाली दगडी ओटा, फळ्यांचं दार, मागे कोठार आणि वर मातीचं माळवद. गवंडीकाकांनी चप्पल खालीच काढली होती. ते अनवाणी फिरत टाच आपटत होते. एका कोपऱ्यात थबकून म्हणाले, "मालक, हितं पोकळ वाजतंय. किलचण गेलंय."

माळवद म्हणजे नुसती माती नव्हे. खांबांवर तुळया, तुळयांवर दांड्या, दांड्यांवर लाकडाच्या ढलप्या दाटीनं बसवलेल्या, हे किलचण. त्यावर लिंबाचा पाला आणि वर हातभर माती. सोलापूरच्या उन्हात खाली गारवा राहतो तो या मातीमुळे. धान्याची पोती तिथं बिनघोर राहतात. बदल्यात माळवद वर्षाला एक दिवस मागतं. गवत मुळासकट उपटायचं, उंदरांची बिळं बुजवायची, पन्हाळी मोकळ्या करायच्या आणि वर खाऱ्या मातीचा पातळ थर द्यायचा. ही माती ओली झाली की फुगते, तिचे बारीक कण भेगांत शिरतात आणि पाणी वरच्या वर पन्हाळीकडे निघून जातं. शेतकरी ज्या चोपण जमिनीला नावं ठेवतो, तीच छपराला उपयोगी पडते.

पोकळ वाजलेली जागा उकरली तेव्हा कारण सापडलं. काही वर्षांपूर्वी "कायमचा बंदोबस्त" म्हणून तिथं सिमेंटचा कोबा ओतला होता. माती उन्हापावसात हलते, सिमेंट हलत नाही. कोब्याला तडा गेला, तड्यातून पाणी आत गेलं आणि वरून झाकण असल्यामुळे आतच कोंडून राहिलं. दोन दांड्या बोटानं उकरता येतील इतक्या भुसभुशीत झाल्या होत्या. एका दिवसाचं काम तिथं आठ दिवसांचं झालं. सुतार आला, बाभळीच्या नव्या दांड्या आल्या. किलचण, पाला आणि माती पुन्हा थराथरानं भरली. पाणी शिंपडून प्रत्येक थर धुम्मसानं ठोकला.

दुपारी मामा म्हणाले, "सरकारचं काही मिळतं का बघ की. सगळ्याला अनुदान आहे म्हणतात." म्हणून नमुना ८ चा उतारा घेऊन आम्ही ग्रामपंचायतीत चौकशीला बसलो. समोरच्या कर्मचाऱ्यानं नीट ऐकून घेतलं आणि एकेक योजना बोटावर मोजली. प्रधानमंत्री आवास योजनेत ग्रामीण भागात १ लाख २० हजार रुपये मिळतात. पण ते बेघर किंवा कच्च्या घरातल्या कुटुंबाला, राहत्या घरासाठी. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात ग्रामीण भागात २५ ते ३५ टक्के अनुदान आहे. पण ते नव्या उद्योगाला. दुकान जुनं, छप्पर जुनं, धंदाही जुना. कुठल्याच रकान्यात बसेना. शेवटी तो हसून म्हणाला, "घरपट्टीत वयाप्रमाणं घसारा मिळतो, तेवढीच सवलत." म्हणजे इमारत जितकी झिजेल तितकी पट्टी हलकी, आणि पाडून स्लॅब टाकला की नव्या दरानं आकारणी.

सार्वजनिक पैसा खासगी जुन्या इमारतीवर कधी लागलाच नाही, असं नाही. मुंबई शहरात १९६९ च्या कायद्यानं तशी व्यवस्था झाली. खाली दुकानं, वर बिऱ्हाडं अशा ३० सप्टेंबर १९६९ पर्यंतच्या इमारतींकडून घरपट्टीबरोबर उपकर घ्यायचा आणि त्यासाठी नेमलेल्या मंडळानं दुरुस्ती करायची. सुरुवातीला अशा १९,६४२ इमारती होत्या. चौरस मीटरमागे खर्चाची मर्यादा ठरलेली. त्यावरचा भार रहिवाशांवर. या व्यवस्थेत उणिवा पुष्कळ आहेत, पण झिजणारी इमारत ही एकट्या मालकाची अडचण नव्हे, एवढं तिनं कबूल केलं. सोलापुरात स्मार्ट सिटीच्या काळात इंद्रभुवनाचं जतन झालं. ती वास्तू महापालिकेची. पेठेतलं दुकान मात्र ना मुंबईत, ना महापालिकेचं.

अमेरिकेत व्यापारी वापराच्या नोंदणीकृत ऐतिहासिक इमारतीच्या जीर्णोद्धारावर मालकानं केलेल्या खर्चाच्या २० टक्के रक्कम केंद्रीय करातून वजा होते. अट अशी की काम इमारतीच्या मूळ रूपाला धरून झालं पाहिजे. त्यातली मला पटलेली गोष्ट म्हणजे आधी काम, मग सवलत. आपल्याकडेही उलटं करून चालणार नाही. आगाऊ पैसा दिला तर पहिल्यांदा कोबाच पडेल.

मोडनिंबसारख्या गावाला कोट्यवधींचा निधी नको आहे. महामार्ग गावाशेजारून जातो, कुर्डुवाडी-पंढरपूर लोहमार्गावर गावाचं स्थानक आहे. बाजार इथं टिकणार आहे. प्रश्न तो कुठल्या छपराखाली टिकणार एवढाच. ग्रामपंचायतीनं पेठेतल्या माळवदांची, कडीपाटाच्या दुकानांची यादी करावी. पावसाळ्याआधी ज्यानं माती टाकली, पन्हाळ काढली, दांडी बदलली, त्याचं काम पाहून त्या वर्षीच्या घरपट्टीत सूट द्यावी. घसाऱ्याची सवलत झिजण्याला मिळते. ही सूट राखण्याला मिळेल. आणि माळवद जाणणाऱ्या गवंड्याच्या हाताखाली दोन पोरं शिकायला लावावीत, कारण टाचेनं पोकळी ओळखणारी माणसं आता थोडी उरली आहेत.

आठव्या दिवशी गवंडीकाकांनी माळवदावर दोन घागरी पाणी ओतलं. पाणी थोडं रेंगाळलं, मग उतार धरून पन्हाळीतून ओट्यापुढे पडलं. मामांनी खाली कोठारात जाऊन वर पाहिलं. दांड्या कोरड्या होत्या. सगळा खर्च मामांनी दुकानाच्या गल्ल्यातून दिला.