ट्रकचा ठिपका मोबाइलवर सरकतो कसा?

आज बोलूया गाडीच्या डॅशबोर्डमागे लपलेल्या एका छोट्या डबीबद्दल, म्हणजे ट्रॅकरबद्दल. समजा, कांदा भरलेला ट्रक नाशिकहून उरणच्या बंदराकडे निघालाय आणि मालक घरी बसून मोबाइलवर त्याचा ठिपका बघतोय. हे होतं कसं?

आधी एक गैरसमज काढून टाकू. उपग्रह ट्रककडे बघत नसतो. त्याला तुमचा ट्रक माहीतच नसतो! जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फक्त वेळ आणि स्वतःची जागा सांगत राहतात. डबी ते ऐकते आणि सिग्नल यायला किती वेळ लागला, त्यावरून अंतर काढते. जागा कळायला तीन उपग्रह पुरायला हवेत ना? पण डबीतलं घड्याळ साधं असतं. सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली, तरी अंतर ३०० मीटरने चुकतं. ती चूक पकडायला चौथा उपग्रह लागतो.

मग ही जागा मालकापर्यंत कोण पोचवतं? डबीतलं सिम कार्ड. तुमच्या-माझ्या फोनसारखंच मोबाइल नेटवर्कवरून ती माहिती सर्व्हरला जाते. कसारा घाटात रेंज गेली तर? चांगली डबी नोंदी साठवून ठेवते आणि रेंज आली की एकदम पाठवते. म्हणून ठिपका कधीकधी उडी मारतो.

खरा फायदा नुसत्या नकाशात नाही. डबीला इग्निशनची वायर जोडलेली असते. इंजिन चालू आणि वेग शून्य, म्हणजे उभ्या गाडीत डिझेल जळतंय, हे लगेच कळतं. नकाशावर गोदामाभोवती कुंपण आखलं की गाडी आत शिरताच मेसेज येतो. मात्र टाकीतून डिझेल काढलं, तर ते नुसत्या जीपीएसला कळत नाही. त्याला टाकीत वेगळा सेन्सर लागतो. विकणारा हे सांगेलच असं नाही, तुम्ही विचारा.

१ जानेवारी २०१९ पासून नोंदणी होणाऱ्या नव्या बस-टॅक्सींना असा ट्रॅकर आणि धोक्याच्या वेळी दाबायचं बटण सक्तीचं झालं. रिक्षांना त्यातून सूट आहे.

आता ड्रायव्हरचं काय? थांबलेला ठिपका बघून मालक फोनवर ओरडतो, 'झोपलास का रे?' पण ठिपका फक्त 'कुठे' आणि 'कधी' सांगतो, 'का' सांगत नाही. गाडी कदाचित गेटबाहेरच्या रांगेत असेल. उलट तीच नोंद ड्रायव्हरच्या कामाची आहे: सहा तास रांगेत गेले, हा त्याचा पुरावा असतो, आणि मालकालाही थांबण्याचं भाडं मागता येतं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच: गाडीची हिस्टरी ड्रायव्हरलाही बघू द्या. दोघांना दिसली तर ती हिशेबाची वही होते. एकालाच दिसली तर नुसती पाळत.

तुमच्या घरी कुणी गाडी चालवत असेल, तर हा भाग त्यांना नक्की ऐकवा. भेटू पुढच्या भागात!